पाठमोरं बोललेलं

मी कादंबऱ्या कशा लिहायला लागले आणि कादंबरी सोडून सिनेमाच्या पटकथेकडं कशी गेले, हे मला पुष्कळांनी विचारलं. मी दर वेळी तेच सांगत आले. चौथीपर्यंत शाळा, चाळीतल्या बायकांची पत्रं, कामगारांचं वाचनालय, आणि मग काय, नशीब. त्यातलं खोटं काही नाही. पण त्यात मुख्य माणूसच गाळलेला असतो. आज त्या माणसाचं सांगते. म्हणजे आमच्या ह्यांचं.

आधीच सांगून टाकते, उगीच तुम्हाला अंदाज बांधत बसायला नको. माझी प्रत्येक कादंबरी मी छापायला पाठवण्याआधी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. आणि ह्यांना ऐकू येत नव्हतं. पहिल्या कादंबरीच्या वेळी थोडंफार येत असेल. तिसरीच्या वेळी काहीच नाही. मी रोज समोर बसून वाचत होते आणि मला ते कळलं नाही. सगळ्या चाळीला ते ठाऊक होतं, आणि मला, जिनं माणसांच्या बोलण्यावर पुस्तकं लिहिली, तिला नाही.

माझं माहेर करकंबचं. शेतावरची माणसं आम्ही. आमच्याकडं बहिरेपण यायचं ते म्हातारपणात, दात पडतात तसं. चाळिशीतला धडधाकट माणूस बहिरा होतो हे मी कधी पाहिलेलं नव्हतं. लग्न होऊन सोलापूरला आले ती गिरणीच्या चाळीत. हे माग खात्यात होते. चार-चार माग एका माणसाकडं, असे शेकडो माग एका छताखाली, आणि सूत घेऊन धावणारा लाकडी धोटा इकडून तिकडं आपटत राहायचा. एकदा हे डबा विसरले म्हणून मी फाटकापर्यंत गेले होते. वॉचमन ओळखीचा, त्यानं दारापर्यंत सोडलं. दार उघडलं तर आवाज असा अंगावर आला की मी पदर कानावर धरला. आत मात्र सगळे निवांत. कुणी ओरडत नाही. एकानं अंगठा ओठाला लावला, म्हणजे चहा. दुसऱ्यानं मिशीला पीळ दिल्यासारखं केलं, म्हणजे जॉबर, खात्याचा मुकादम, येतोय. आणि बाकीचं सगळं बोलणं ओठांवर. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, आणि दहा हातांवरचा माणूस त्यावर हसायचा. मला लई गंमत वाटली. घरी येऊन मी ती गंमत वहीत लिहून ठेवली. ती माणसं ओठ का वाचतात, पाळी सुटून घरी गेल्यावर त्यांचं काय होतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

पत्रांचं सांगायचं राहिलं. चाळीत लिहिता येणारी बाई मी एकटीच, तीही चौथी पास. दुपारी बायका पोस्टकार्ड घेऊन यायच्या आणि सांगायच्या. मी त्या बोलतील तसं लिहायची, सुधारून नाही. एक जण आली, म्हणाली, आईला लिहा मी सुखात आहे, काळजी करू नका. आणि सांगताना तिच्या डोळ्याचं पाणी थांबेना. मी तिचं सगळं लिहिलं आणि खाली कडेला बारीक अक्षरात माझं एक वाक्य घातलं, की ही सांगताना रडत होती. चौथ्या दिवशी तिचा भाऊ न्यायला आला. तेव्हा मला कळलं की माणूस बोलतो एक आणि सांगायचं असतं दुसरं, आणि त्या दुसऱ्याला कडेला का होईना जागा द्यावी लागते. माझी सगळी शाळा तेवढीच.

पहिली कादंबरी मी बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या वर्षी लिहायला घेतली. मागावरचा माणूस, त्याची बायको, आणि चाळ. एवढंच मला ठाऊक होतं. ह्यांची पहिली पाळी असायची. साडेतीनला घरी यायचे, आंघोळ करायचे, केसातला कापूस झाडायचे, आणि चार वाजता चहा घेऊन भिंतीला टेकून बसायचे. मी समोर. त्यांचं एक ठरलेलं होतं. "दाराकडं तोंड करून बस. उजेडात बस." मला वाटायचं माझ्या डोळ्यांची काळजी करतात. मला ते फार आवडायचं. आमच्या पिढीत नवरा बायकोला समोर बसवून तिच्या तोंडाकडं तासभर बघतो हेच केवढं होतं. मी वाचायची आणि अधूनमधून वर बघायची. ते मान हलवत असले की मी पेन्सिलीनं टिंब करायची, म्हणजे हे राहू दे. त्यांची नजर दुसरीकडं गेली की काट.

असं करत पहिली छापून आली. पुण्याच्या एका प्रकाशकानं काढली. मग दुसरी आणि तिसरी. लोकांना आवडल्या. वर्तमानपत्रात लिहून आलं की ह्या बाईंना कुठं थांबावं ते कळतं. मी ते ह्यांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, हे माझं नाही, तुमचं आहे. ते हसले. दुसऱ्या कादंबरीत नणंदेचं एक अख्खं प्रकरण होतं, चांगलं वीस-बावीस पानांचं. मी ते वाचायला लागले आणि हे अंगणाकडं बघायला लागले. दोन दिवस तसंच. मी ते प्रकरण काढून बंबात घातलं. त्याच्यावर पाणी तापलं आणि मी आंघोळ केली, पश्चात्ताप काही झाला नाही. त्या दिवसांत मला चष्मा लागायला आला होता आणि कागद मी तोंडाजवळ धरून वाचत होते, हे पुष्कळ पुढं लक्षात आलं. त्यांना माझं तोंडच दिसत नव्हतं. त्या नणंदेचा काही दोष नव्हता.

आता सिनेमाचं. तिसरी कादंबरी वाचून कोल्हापूरचे एक दिग्दर्शक आमच्या चाळीत आले. मोठा माणूस, पण खाटेवर मांडी घालून बसले आणि शेंगाची चटणी मागून घेतली. म्हणाले, बाई, ह्याचा सिनेमा करायचा आहे, आणि तो तुम्हीच लिहायचा. मी म्हटलं मला त्यातलं काही येत नाही. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला, मधोमध उभी रेघ मारली. डावीकडं काय दिसतं ते लिहायचं, उजवीकडं काय ऐकू येतं ते. झालं. इतकंच असतं म्हणाले. मी आठ दिवसांत चाळीस कागद भरून पाठवले. उत्तर आलं, बाई, तुम्ही डावी बाजू उपाशी ठेवलीत. ती उजवीकडची सगळी माणसं मरेस्तोवर बोलतायत. तुम्ही इथं या. चार महिने राहा. शेजारी बसून शिकवतो.

चार महिने. मुलगी अकलूजला दिलेली, तिच्या बाळंतपणालाही मी सव्वा महिन्याच्या वर राहिले नव्हते. घरात आम्ही दोघंच. ह्यांच्या भाकरीचं काय, हा एक प्रश्न. आणि खरा प्रश्न हा की ह्यांना कसं विचारायचं.

आमच्याकडं बायका अवघड गोष्ट तोंडासमोर बोलत नाहीत. कुणी शिकवत नाही, पण आईला बघून ते येतं. भांडी घासताना, धुणं पिळताना, चुलीपुढं बसल्यावर, पाठ करून बोलायचं. नवऱ्याच्या तोंडासमोर बोललं की ते भांडण होतं. पाठमोरं बोललं की ते नुसतं कानावर घातलेलं असतं. त्यालाही उत्तर द्यायचं नसेल तर ऐकलं नाही असं करता येतं, आणि तिलाही मान राहतो. मी माझ्या आईला मोठ्या बहिणीच्या सासरचं सगळं असं पाठमोरं सांगताना पाहिलेलं आहे. मीही माझ्या संसारातलं जे जे अवघड ते असंच बोलले होते. दुसरं मूल राहत नाही हे सुद्धा.

तर मी भाकरी थापत होते, हे मागं खाटेवर बसलेले. मी म्हटलं, कोल्हापूरला चार महिने बोलावलंय. मग एक भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि म्हटलं, "तुम्ही नको म्हणा. मी राहते."

काहीच उत्तर आलं नाही. मी दुसरी भाकरी थापली. मग ते उठल्याचं कळलं. शर्ट घातला आणि म्हणाले, "पान खाऊन येतो." आणि गेले.

मी ते उत्तर धरलं. नको एवढा एक शब्द माणसाला म्हणवला नाही. मी राहते म्हणत होते, तर राहा म्हणायला काय लागत होतं. जेवताना मी बोलले नाही. तेही कधी जास्त बोलायचे नाहीत, त्यामुळं ते दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मी ट्रंकेत लुगडी ठेवत होते तर दारात उभे राहून विचारतात, "कुटं निघालीस?"

मला वाटलं टोमणा मारतायत. मी वर बघून फटकन म्हणाले, "कोल्हापूरला. सांगितलं की तुमाला."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय व्हय. सांगितलंस."

स्टेशनवर सोडायला आले. गाडीत जागा धरून दिली. कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीत बसायचं, ती मिरजेला नेते, तिथून कोल्हापूर, हे सगळं त्यांनी कुणालातरी विचारून ठेवलेलं होतं आणि बोटं मोजत मला तीनदा सांगितलं. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून बाहेर न बघता समोर बघत बसले. रागच तसा होता. कुर्डुवाडीची ती छोटी गाडी इतकी हळू चालायची की माणसं उतरून तिच्याबरोबर चालत बोलत जायची आणि परत चढायची. मी त्या गाडीत दिवसभर एकच विचार करत होते, की ह्या माणसाला माझं असणं-नसणं सारखंच.

कोल्हापुरात मला डावी बाजू लिहायला शिकवली. दिग्दर्शक कागद वाचायचे आणि विचारायचे, बाई, हे ती बोलते, पण तिचे हात काय करतायत. मला हातच दिसायचे नाहीत आधी. मग माग खात्यात पाहिलेलं आठवलं आणि मी त्यांना सांगितलं, तो अंगठा, ती मिशी, ते नुसते ओठ. ते उभेच राहिले. म्हणाले, हे कादंबरीत का नाही. मी म्हटलं, कादंबरी मी वाचून दाखवण्यासाठी लिहिली, त्यात बोलणंच येणार. मग सिनेमात गिरणीतले दोन प्रसंग आम्ही अजिबात न बोलता केले.

मी घरी पत्रं लिहायची. ह्यांना सही येत होती आणि पाट्यांवरची मोठी अक्षरं लागायची, पत्र वाचण्याइतकं येत नव्हतं. शेजारच्या खोलीत तेलुगू बोलणारं विणकराचं कुटुंब होतं, त्यातल्या बाईला आम्ही अक्का म्हणायचो. तिचा नवरा ह्यांच्याच खात्यात. तो मराठी शाळेत शिकलेला, तो पत्र वाचून दाखवायचा. मधे एकदा दोन दिवस घरी आले तर अक्का हसत म्हणाली, तुमची पत्रं चाळीतल्या सगळ्यांना पाठ झालीत वैनी, आमचे हे इतकं वरडून वाचतात. मला वाटलं कौतुकानं वाचतो मोठ्यानं. पण लाज वाटली, आणि त्यानंतर मी पत्रात आपलं असं काही लिहिलंच नाही. तब्येत जपा, येते, एवढंच.

शेवटी एक प्रसंग अडून बसला. गोष्टीतली बायको मुंबईला कामाला जायचं म्हणते आणि नवऱ्याला सांगते. दिग्दर्शकांना काहीच पसंत पडेना. रडली की नाटक होतं, भांडली की तमाशा होतो. एका सकाळी मी रागाच्या भरात लिहून टाकलं. डावीकडं लिहिलं, ती पाठमोरी, भाकरी थापते. तो मागं. उजवीकडं एकच वाक्य, तुम्ही नको म्हणा, मी राहते. मग डावीकडं लिहिलं, तो शर्ट घालून निघून जातो. ती पुढची भाकरी थापते.

दिग्दर्शकांनी दोनदा वाचलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांनी तो प्रसंग जसाच्या तसा घेतला. तिचं तोंड शेवटपर्यंत दिसत नाही, नुसती पाठ आणि आवाज. त्या वर्षी पटकथेचा सरकारी पुरस्कार मला मिळाला तो सगळे म्हणतात त्या एका प्रसंगासाठी. चौथी पास बाई, शाल घेऊन मंचावर. फोटोत मी हसते आहे. आपल्या नवऱ्याचं काळीज दगडाचं आहे हे मी चारचौघांत सांगून आले होते आणि त्याचं मला बक्षीस मिळालं होतं.

सिनेमा सोलापुरात लागला तेव्हा मी घरी होते. दुपारचा खेळ. सगळी चाळ आली होती. हे धुतलेला सदरा घालून, माझ्या शेजारी. मी आतून घाबरलेले. म्हटलं, आता त्यांना कळेल. आपलंच वाक्य ओळखतील. काय करतील कोण जाणे. खरं सांगायचं तर मला ते ओळखायला हवंच होतं. त्यासाठीच मी ते लिहिलं होतं. तोंडावर म्हणायचं धाडस नव्हतं म्हणून पडद्यावर म्हटलं होतं.

गिरणीतले मुके प्रसंग आले तेव्हा मागावरची सगळी माणसं खुशीत आली. हेही मांडीवर थाप मारून हसले, कारण पडद्यावरची माणसं ओठांनी काय बोलली ते बाकी थेटरला कळलंच नाही, आमच्या लोकांना कळलं. मग तो भाकरीचा प्रसंग आला. ती बोलली. नवरा शर्ट घालून गेला तेव्हा मागच्या रांगेतली कोण एक बाई म्हणाली, "दगड हाय मेला." आणि नाक ओढल्याचे आवाज इकडून तिकडून.

आणि आमच्या ह्यांनी मला कोपरानं हलवून विचारलं, "काय म्हणाली ती?"

मला आधी वाटलं, मुद्दाम विचारतायत. मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि ते वाक्य पुन्हा सांगितलं. ते माझ्याकडं वळले, अंधारात माझ्या तोंडाकडं डोळे ताणून बघायला लागले. बघत राहिले. मग हातानंच राहू दे केलं आणि म्हणाले, "घरी गेल्यावर सांग. हितं दिसत न्हाय."

दिसत न्हाय म्हणाले. ऐकू येत न्हाय असं नाही.

त्यापुढचा उरलेला सिनेमा मी पाहिला नाही. मी लिहिलेलाच होता, पण मला काही दिसलं नाही. मला आठवत होतं की दिवा घालवल्यावर आम्ही कित्येक वर्षांत बोललेलो नाही. झोपताना बोलू नये, झोप मोडते, असं ते म्हणायचे आणि मी ऐकत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दारात बसून चपलेचा अंगठा शिवत होते. मी मागं जाऊन उभी राहिले. अहो म्हटलं. मग जरा मोठ्यानं म्हटलं. मग नेहमीच्या आवाजात ते सगळं वाक्य म्हटलं, नको म्हणा, मी राहते. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि दुसरा टाका घेतला. अक्का नळावरून घागर घेऊन येत होती, ती थांबली.

"पाटीमागनं काय बोलताव वैनी," ती म्हणाली. "पुडं जाऊन बोला की. त्यास्नी पाटीमागनं कुटं ऐकू येतंय."

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? तिला माझा प्रश्नच समजला नाही. म्हणाली, त्यात माहीत असायचं काय, मागावरच्या सगळ्यांचं तसंच की. आमच्या घरात म्हणूनच सगळे वरडून बोलतो. तुमी सावकाश बोलताव, आमाला वाटलं तुमच्या गावाकडची पद्धत.

लेकीलाही माहीत होतं. ती लहानपणापासून वडलांना खांद्याला हात लावून मग बोलायची, मला वाटायचं लाडानं.

मी पुढं जाऊन त्यांच्यासमोर खाली बसले. उजेडात बसले. विचारलं, कधीपासून. ते आधी हसले, पकडल्या गेलेल्या पोरासारखे. मग म्हणाले, सांगता येत न्हाय. आधी घरी आलं तरी माग कानात चालूच राहायचा. मग तेवढाच राहिला, बाकी गेलं. मी विचारलं, माझी पुस्तकं किती ऐकलीत. म्हणाले, तोंड दिसंल तेवढी. पहिलीतलं पुष्कळ, नंतरचं आर्धंमुर्धं. मग मान कशी हलवायचात?

"तुझं डोळं भरून आलं की हलवायचो," ते म्हणाले. "तुला बरं वाटायचं."

मी त्यांच्या तोंडाकडं बघून लिहीत होते आणि ते माझ्या तोंडाकडं बघून मान हलवत होते. एवढी वर्षं आमच्या दोघांच्या मधे वाचणारंही कुणी नव्हतं आणि ऐकणारंही. मी म्हटलं, सांगितलं का नाहीत. त्यांनी चप्पल बाजूला ठेवली.

"सांगितलं आसतं तर वाचलं नसतंस. वाचलं नसतंस तर लिवलं नसतंस."

मग मी त्या दिवसाचं विचारलं. भाकरी थापत होते तेव्हाचं. त्यांना आठवतच नव्हतं. त्यांच्या लेखी मी एका सकाळी अचानक ट्रंक भरायला लागले होते, आणि इतकं कशाला चिडली आहे हे त्यांना चार महिने कळलं नव्हतं. मी ते वाक्य त्यांच्या तोंडासमोर, सावकाश, ओठ हलवून म्हटलं. संसारात पहिल्यांदा असं काही मी समोरून म्हणत होते. ते बघत राहिले आणि मग खाली बघून म्हणाले, "नको म्हणालो आसतो."

मला रडू आलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"बरं झालं ऐकू आलं न्हाय," म्हणाले. "तुला बक्षीस कसं मिळालं आसतं."

हे सगळं एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज लिहिलं नसतं. डॉक्टरांनी तपासलं, यंत्र लावून पाहिलं, ते कानात शिट्टी घालायचं म्हणून ह्यांनी फळीवर ठेवून दिलं. खोकला आधीच लागलेला होता. कापसाचा खोकला, तो मागावरच्या माणसांना असतोच, असं मला आता सगळंच माहीत झालं होतं. त्यांनी गिरणी सोडली. आणि एक दिवस म्हणाले, मला वाचायला शिकव. तुझं पहिलं पुस्तक मला माझं मला वाचायचंय.

पन्नाशीच्या पुढचा माणूस, पण हट्टाला पेटला. सहा-सात महिन्यांत अक्षरांना अक्षरं जोडायला लागले. रोज चार वाजता, तीच वेळ. आता मी गप्प बसायची आणि ते बोट ठेवून वाचायचे. आठ-दहा ओळी, कधी पाऊण पान. आणि मला वाटलं होतं की ते वाचतील आणि मान हलवतील.

ते माझ्याशी भांडायला लागले. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, नळाला पाणी पहाटे यायचं, तू सकाळी लिवलंस. म्हटलं, त्यानं काय होतं. म्हणाले, होतं, पहाटे येतं म्हणून तर बायका अशा किरकिऱ्या. मग एकदा म्हणाले, ही बाई लई शाणी दाखवलीस, हितं तू आपलीच बाजू घेतलीस. त्या पानापाशी मला राग आला, कारण ते खरं होतं. आणि मग ती जागा आली जिथं नायक जॉबरशी भांडतो आणि तिरीमिरीत चालता माग सोडून गिरणीतून निघून जातो. तिसऱ्या प्रकरणाचा शेवट तो. तो वाचून पुण्याच्या एका प्राध्यापकांनी मला पत्र पाठवलं होतं, इतका आवडला होता. ह्यांनी तो दोन दिवस घेऊन वाचला आणि पुस्तक मिटलं.

"मागवाला चालता माग सोडून जात न्हाय," म्हणाले. "आदी बंद करतो. भांडण आसू दे न्हायतर घरात मयत आसू दे. हात लावून बंद करतो, मग जातो. तू ह्येला मागवाला म्हणालीस आणि ह्यो मागवाला न्हायच."

सगळ्या महाराष्ट्रात कुणी मला ती चूक सांगितली नव्हती. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाचक मिळाला, आणि तो असा, तोंड न बघता. मला वाईट वाटलं आणि इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. त्या दिवसापासून ते पेन्सिल घेऊन बसायला लागले. चूक दिसली की कडेला आडवी रेघ.

त्याच सुमारास कोल्हापूरहून दुसऱ्या सिनेमाचं बोलावणं आलं. मी पत्र हातात घेऊन समोर बसले आणि तोंडावर विचारलं, जाऊ का. त्यांनी विचार केला. म्हणाले, "ह्ये संपू दे. मग जा." मी दिग्दर्शकांना कळवलं, थांबता आलं तर थांबा. त्यांना थांबता आलं नाही, तो सिनेमा दुसऱ्या कुणी लिहिला, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. पुस्तक एकशे ऐंशी पानांचं होतं. दिवसाला पाऊण पान धरलं तरी वर्षात होईल असं मी मनात मांडून बसले होते.

हिवाळ्यात खोकला वाढला. मग बसवेना म्हणून उशी लावून वाचायचे. मग एका ओळीत दोनदा थांबायचे. मी म्हटलं मी वाचते, ओठ बघा. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. शेवटच्या आठ दिवसांत पुस्तक हातात असायचं पण पान उलटलं जायचं नाही. गेले तेव्हा बोट कुठल्या ओळीवर होतं असं मला विचारू नका, तसं काही नव्हतं. पुस्तक फळीवर होतं, एकसष्टाव्या पानावर बसच्या तिकिटाची खूण घालून.

पुढं मी कोल्हापूरला गेले. आणखी पटकथा लिहिल्या, कादंबरी मात्र नाही लिहिली. लोक विचारतात कादंबरी का सोडली, तर म्हणते, पडद्याची सवय लागली.

दोन वर्षांनी प्रकाशकांनी कळवलं, पहिलीची दुसरी आवृत्ती काढतोय, काही दुरुस्त्या असल्या तर पाठवा. मी ह्यांची प्रत घेऊन बसले आणि जिथं जिथं कडेला रेघ होती तिथं तिथं बदल केला. पाणी पहाटेचं केलं. बायकोचा शहाणपणा कमी केला. नायकाला आधी माग बंद करायला लावलं, मग बाहेर पाठवलं. त्या प्राध्यापकांचं परत पत्र आलं, की त्या प्रकरणाचा पहिला शेवट जास्त जोरदार होता. असेल.

ह्यांची खूण होती त्या एकसष्टाव्या पानापर्यंतचं सगळं पाठवलं. प्रकाशकांनी विचारलं, पुढचं काही नाही का? पुढं चुका आहेत. मागाच्या तर नक्की असणार, शेवटची तीन प्रकरणं गिरणीतच घडतात. अक्काच्या नवऱ्याला विचारून मी त्या काढूही शकले असते. मी लिहिलं, पुढचं आहे तसंच छापा.